अर्ध्या तासाचे म्हातारपण

मी एक जुना पोशाख आहे, मित्रांनो. पण मला घालून आजवर कुणी लग्नाला गेले नाही, की आरशासमोर उभे राहून कुणी "कसं दिसतंय?" असे विचारले नाही. मला घातले की माणूस म्हातारा होतो. तरण्याताठ्या माणसाला अर्धा तास म्हातारे करायचे, एवढ्याचसाठी मला शिवले.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथे डोंगर चढणाऱ्यांच्या पाठपिशव्या, उंचावर काम करणाऱ्यांचे पट्टे असले दणकट सामान शिवत. मला शिवणारी बाई उंच होती आणि थोडी तापट. तिने माझ्या जाकिटाला पुढे-मागे खिसे केले आणि त्यांत वाळूच्या पिशव्या भरल्या. गुडघ्यांना आणि कोपरांना ताठ पट्टे लावले. मान वळू नये म्हणून मानेला जाड पट्टा, बोटांना स्पर्श कळू नये म्हणून जाड हातमोजे, कानांवर घट्ट बसणाऱ्या टोप्या. चष्म्याची काच पिवळट आणि कडेने धुरकट. आणि बुटांचे तळवे असे डळमळीत, की पाय आत घातला की जमीन परकी वाटू लागते.

शिवून झाल्यावर तिने मला स्वतःच घालून पाहिले. बाकीच्या बायका हसत होत्या. दोन फेऱ्या मारून ती स्टुलावर बसली आणि तिला उठता येईना. मग तीही हसली. पण चष्मा काढल्यावर तिने डोळे पुसले आणि "धूळ गेली" म्हणाली. तिला कुणाची आठवण झाली होती ते मला कळले नाही. मला कधीच पुरते काही कळत नाही. माणसे मला घालतात, थोडा वेळ माझ्या आत राहतात आणि निघून जातात.

तिथून मी परिचारिका तयार करणाऱ्या एका शाळेत आलो. वर्गात ओळीने खाटा होत्या आणि त्यांवर प्लॅस्टिकची माणसे झोपलेली असत. माझ्या खुंटीशेजारच्या खाटेवरचा गृहस्थ तर बारा महिने तेरा काळ आजारीच. रोज त्याला सुया टोचत, रोज त्याचे पांघरूण बदलत, आणि तो छताकडे बघत राही. मी मात्र उभ्याउभ्या मिरवत असे. कारण मुलांना खरी धडकी माझी भरायची.

त्या वर्गात एक धिप्पाड मुलगा होता. सगळे त्याला 'पैलवान' म्हणत. तो मला घालायला स्वतःहून पुढे आला. "म्हातारपणाला घाबरतो कोण?" म्हणाला. वर्गाच्या बाईंनी त्याच्या हातात गोळ्यांची पट्टी दिली आणि एक गोळी काढून खायला सांगितली. पैलवानाची बोटे माझ्या हातमोज्यांत चाचपडू लागली. गोळी निघेना. निघाली तर हातातून सुटून खाटेखाली गेली. बाईंनी दुसऱ्या एका मुलीला खूण केली. ती त्याच्यामागे उभी राहून ओरडली, "आटपा ना हो आजोबा! तुम्ही एकटेच आहात का? मला अजून सगळा वॉर्ड बघायचाय!"

पैलवान वळायला गेला, पण मान वळेना. तो जागच्या जागी म्हणाला, "अगं, थांब की जरा. काढतोय ना मी."

त्याचा आवाज रडवेला होता. "आटपा ना हो आजोबा" हे वाक्य त्या सकाळी वॉर्डात जवळजवळ प्रत्येकाने कुणाला ना कुणाला ऐकवले होते.

मित्रांनो, असे दिवस पाहून मला गर्व झाला. पाहुणे यायचे, माझ्याबरोबर फोटो काढायचे, "काय कल्पना आहे!" म्हणायचे. एका मोठ्या डॉक्टरांनी मला घालून जिना चढून दाखवला आणि वरच्या पायरीवर पोचल्यावर टाळ्या घेतल्या. मला वाटू लागले, माणसाच्या मनातला दगड विरघळवायचा तर तो मीच. माझ्यासारखा मीच.

फक्त एक गोष्ट मला खुपायची. अर्धा तास झाला की पट्टे सुटत. मुले हात-पाय ताणत, मान मोडत आणि मोठ्याने म्हणत, "हुश्श! सुटलो बाबा!" मग ती पळतच जेवायला जात. मी खुंटीवर लोंबत राही. सुटणे म्हणजे काय, हे ज्यांना कधीच कळणार नव्हते ती खरी म्हातारी माणसे समोरच्या इस्पितळाच्या इमारतीत होती. त्यांच्यासाठी मी काहीच करू शकत नव्हतो. त्यांचे ओझे मला उचलता येत नव्हते. फक्त त्याची नक्कल करता येत होती.

त्या वर्गाच्या बाईंना घरी सगळे 'ताई' म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. ताईंचे वडील, म्हणजे आजोबा, ताईंच्या धाकट्या भावाकडे राहत. आजोबा बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी गल्लीत त्यांचे नाव कंडक्टरच. आणि धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरभर लोकांना वर-खाली करणाऱ्या या माणसाच्या घराला मात्र जिनाच होता, तोही दोन मजल्यांचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

धाकट्याचे आणि आजोबांचे रोज खटके उडत. आजोबा न्हाणीघरात फार वेळ लावतात. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी भिंत ठोकतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपर आणायला जातात ते उन्हं वर येईपर्यंत परत येत नाहीत. धाकट्याचे म्हणणे एकच होते. ताईंना तो फोनवर म्हणायचा, "तुला माहीत नाही, ताई. बाबा मुद्दाम करतात. मनात आलं की सगळं ऐकू येतं त्यांना!"

ताईंनी पुष्कळ समजावले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सुट्टी लागली तेव्हा त्यांनी मला एका मोठ्या पिशवीत भरले आणि भावाच्या घरी आणले.

त्या घरात मला पहिल्यांदा पाहिले ते आजोबांनीच. मी सोफ्यावर पसरलो होतो. त्यांनी जवळ येऊन माझे जाकीट चाचपले.

"हे काय गं?"

"म्हातारपणाचा पोशाख, बाबा. घातला की माणूस म्हातारा होतो."

आजोबांनी मला नीट निरखले. "आणि उतरवता येतो?"

"हो."

"मग कसलं म्हातारपण! खेळणं आहे," आजोबा म्हणाले आणि मिशीत हसले.

धाकट्याने मला घातले. त्याचे पट्टे आवळायला आजोबांनीच मदत केली. गंमत वाटत होती त्यांना. "पुढं सरका, पुढं सरका, आत जागा आहे!" असे म्हणत त्यांनी त्याचे हात माझ्या बाह्यांत घातले. मग ताईंनी धाकट्याला काम सांगितले. बाबा रोज करतात तेच. खाली उतरायचे, कोपऱ्यावर जायचे आणि पेपर घेऊन यायचे. ताई मागे चालणार होत्या.

धाकटा निघाला तो त्याच्या नेहमीच्या झपाट्यात. जिन्यावरच माझ्या बुटांनी त्याला दगा दिला. तो कठडा धरून एकेक पायरी शोधत उतरला. रस्त्यावर आला तेव्हा त्याला धाप लागली होती, पण तो थांबला नाही. थांबायचे त्याला सुचलेच नाही. माझ्या काचांतून त्याला समोरची दुकाने धुक्यात उभी असल्यासारखी दिसत होती. मागून येणाऱ्या सायकलची घंटा मी त्याला ऐकू दिली नाही. सायकल अगदी अंगाला चाटून गेली. "ओ, झोपलात काय?" असे सायकलवाला ओरडला, तेही त्याला अर्धवटच ऐकू आले. तो दचकून बाजूला झाला, पदपथाची कड चुकली आणि तो पडला.

त्याला फार लागले नाही, मित्रांनो. पण त्याला उठता येईना. गुडघा वाकत नव्हता, हाताला जमीन कळत नव्हती. लोक बाजूने जात होते. एकाने "सांभाळून हो" म्हटले आणि तो पुढे गेला. धाकट्याचे हृदय माझ्या वाळूच्या पिशव्यांखाली धडधडत होते ते मला जाणवत होते. मी त्याला सोडू शकत नव्हतो. गुडघे धरून ठेवणे, हेच तर माझे काम. ताई धावत आल्या तेव्हा तो लहान मुलासारखा म्हणत होता, "काढ हे. ताई, आधी हे काढ."

दोघे पेपर न घेताच परत आले. आजोबांनी खुर्चीतूनच विचारले, "पेपर कुठंय?"

धाकटा आजोबांच्या खुर्चीपाशी खाली बसला आणि त्याने त्यांच्या मांडीवर डोके ठेवले. त्याचे खांदे हलत होते. "बाबा, मला माहीतच नव्हतं हो," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आजोबा गोंधळून त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिले. ताईंचे डोळे भरून आले. आणि मी? मी सोफ्यावर पडल्यापडल्या फुशारलो. मला वाटले, आपल्या हातून इतकी मोठी गोष्ट आजवर झाली नसेल.

दुसऱ्याच दिवशी शाळेचे छत गळत असल्याचे कळले. वर्ग दुरुस्तीसाठी बंद झाला. ताई म्हणाल्या, "पोशाख राहू दे इथेच. तिकडे ओल लागेल." मला आजोबांच्या खोलीत दारामागच्या खुंटीवर टांगले. अशा रीतीने पुढचे सगळे मला पाहावे लागले.

सकाळी आजोबा नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन निघाले, तेव्हा धाकटा दाराशी उभा होता. त्याने हळूच पिशवी काढून घेतली. "पेपर मी आणून ठेवलाय, बाबा. तुम्ही बसा."

"अरे, पण मला जायचंय."

"कशाला तो त्रास? मी घालून बघितलाय ना पोशाख. काय हाल होतात ते मला ठाऊक आहे."

आजोबा परत खोलीत आले आणि खाटेच्या कडेवर बसले. नाराज वाटत होते, पण थोडे सुखावलेही होते. इतक्या मायेने तो त्यांच्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

मग एकेक गोष्ट त्यांच्या हातून जाऊ लागली. सदऱ्याची बटणे धाकटा लावू लागला. चहाचा कप त्यांच्या हाती येईनासा झाला, तो सूनबाई त्यांच्या ओठांशी धरायच्या, कारण धाकट्याने त्यांना बजावले होते, "बोटांना काही कळत नाही गं, भाजेल त्यांना." पाण्याचा तांब्या खाटेशी आला, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंतचीही फेरी संपली. चपला वरच्या फळीवर गेल्या. न्हाणीघरात खुर्ची आली आणि दाराची कडी निघाली.

घरात आता खटके उडत नव्हते. टीव्ही मोठा लागला तरी कुणी बोलत नव्हते. पाहुणे म्हणत, "नशीब काढलंत, आजोबा. असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही." ताई दर आठवड्याला येऊन जायच्या. भाऊ वडिलांच्या पायाला तेल चोळताना पाहून समाधानाने परत जायच्या.

आजोबांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. ते म्हणायचे, "मला जमतं रे." धाकटा म्हणायचा, "बाबा, मी स्वतः अनुभवलंय." झाले! या उत्तरापुढे बोलणेच खुंटायचे. म्हातारपण आजोबांचे, पण त्यातले कळते कुणाला तर धाकट्याला. आणि त्याचा साक्षीदार मी! त्याचे बोट माझ्याकडे वळले की आजोबाही माझ्याकडे बघत. आरोपीने खोट्या साक्षीदाराकडे बघावे तसे. आणि मी खोटे बोललो नव्हतो. पण खरेही सगळे सांगितले नव्हते.

दुपारी घर रिकामे असले की आजोबा माझ्याशी बोलत. खोलीत दुसरे होते तरी कोण?

"तो पडणारच होता," एकदा ते म्हणाले. "एका दमात निघाला. अशी कुठं गाडी नेतात का? थांबे घ्यावे लागतात."

मग त्यांनी मला आपले थांबे सांगितले. जिन्याच्या वळणावर खिडकी आहे. तिच्या चौकटीवर हात ठेवून ते बाहेरची कबुतरे बघत. बघणारा म्हणेल, म्हातारा पक्षी बघतोय. दम खातोय असे कुणाला वाटायचे नाही. खाली उतरले की शिंप्याच्या दुकानाची पायरी. तिथे बसून गल्लीच्या चार गोष्टी व्हायच्या. मग औषधांच्या दुकानाचा कठडा. त्यापुढे एका बागेची बुटकी भिंत, तिथे त्यांच्यासारखेच दोघे-तिघे टेकलेले असायचे. पेपरवाला त्यांच्या बोटांना त्रास नको म्हणून पेपर स्वतःच पिशवीत सरकवायचा. रस्ता ओलांडताना ते कानांवर विसंबत नसत. पिशवीवाली एखादी बाई दिसेपर्यंत थांबायचे आणि ती निघाली की तिच्या शेजारून चालू लागायचे.

"माझे कान गेले म्हणून काय झालं? लोकांचे आहेत की!" आजोबा म्हणाले आणि स्वतःशीच हसले.

मी ऐकत होतो आणि माझा गर्व गळून पडत होता. मित्रांनो, मला घालणारा माणूस एका क्षणात म्हातारा होतो. त्याला काहीच येत नसते. आजोबा वर्षानुवर्षे हळूहळू म्हातारे होत आले होते. गुडघा एकेक वाट बंद करत गेला, तसे ते दुसरी वाट काढत गेले. माझ्या वाळूत, माझ्या पट्ट्यांत, माझ्या पिवळ्या काचांत यातले काहीच नाही. त्या शिवणाऱ्या बाईने माझ्यात म्हातारपणाची अडचण तेवढी शिवली होती. तिच्याशी माणूस रोज कसा मांडवली करतो, ते तिला शिवता आले नव्हते. ते शिवता येण्यासारखे नव्हतेच.

मला हे धाकट्याला सांगायचे होते. संध्याकाळी तो खोलीत आला, आजोबांची उशी सारखी केली, पांघरूण पायांवर ओढले. मी दारामागे होतो, त्याच्यापासून हातभर अंतरावर. पण मी कापड आहे. मला बाह्या आहेत, हात नाहीत; मानेचा पट्टा आहे, गळा नाही.

"हे तुम्ही त्याला का सांगत नाही?" असे तुम्ही आजोबांना विचाराल. मलाही तेच विचारायचे होते. त्याचे उत्तर त्यांनी मला एकदा आपणहून दिले. म्हणाले, "पूर्वी खेकसायचा तेव्हा मीही खेकसायचो. बरं होतं. आता इतक्या गोड बोलणाऱ्याशी भांडायचं कसं? लेकरू रडलं होतं रे माझ्यासाठी."

दिवसांमागून दिवस गेले. एकदा शिंपी वर आला. धापा टाकत दारात उभा राहिला आणि मोठ्याने विचारू लागला, "कंडक्टरसाहेब, गाडी बंद का? आम्ही रोज वाट बघतो." आजोबांचा चेहरा फुलला. पण ते उठून बाहेरच्या खोलीत पोचेपर्यंत धाकट्याने त्याला दारातच सांगून टाकले होते, "आता त्यांना जमत नाही हो. वय झालं." आजोबांच्या कानांवर ते पडले की नाही, देव जाणे. शिंपी त्यांना लांबूनच हात करून उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना आजोबांनी सदरा चढवला. बटणे लावली, वेळ लागला, पण सगळी लावली. चपला वर होत्या म्हणून अनवाणीच निघाले. दार उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर एक पाऊल, थोड्या वेळाने दुसरे. मी ऐकत होतो. मला वाटले, आता खिडकी येईल. आता ते कबुतरे बघतील.

पण पावले थांबली ती पुन्हा वाजेनात. इतके महिने बसून त्यांच्या पायांतले बळ गेले होते. त्यांना खिडकीपर्यंत उतरवेना आणि परत वर येववेना. ते पायरीवर बसून राहिले. उघड्या दारातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. आधी शेजाऱ्यांना हाक मारली. मग सूनबाईंना. मग कुणालाच नाही, नुसतेच "अरे, कुणी आहे का?" मी होतो, मित्रांनो. मी घरातच होतो. त्या दुपारी मी खुंटीवर जसा लोंबलो, तसा आयुष्यात कधी लोंबलो नाही.

सूनबाई बाजारातून आल्या तेव्हा त्यांनी तेवढ्यात घरी परतलेल्या शेजाऱ्याच्या मदतीने आजोबांना वर आणले. संध्याकाळी धाकट्याचा जीव नुसता खालीवर होत होता. त्याने आजोबांचे पाय कोमट पाण्यात धरले आणि म्हणाला, "बघितलंत ना, बाबा? म्हणूनच मी सांगत होतो."

त्या दिवसापासून आजोबांनी "मला जमतं" म्हणणे सोडले. आता ते खरेही नव्हते.

त्या आठवड्यात ताई आल्या त्या जरा वेळ काढून. आजोबांना खाटेवरून खुर्चीत बसायचे होते. धाकटा त्यांना उचलायला धावला. ताई म्हणाल्या, "थांब. त्यांचे ते उठू देत." आजोबांनी दोन्ही हात टेकले, पुढे झुकले आणि पुन्हा खाली बसले. पुन्हा प्रयत्न केला. हात थरथरू लागले. ताईंनी वाकून त्यांची पोटरी दाबून पाहिली. त्यांचे रोजचे काम ते. पोटरीतले मांस पार ओसरलेले पाहून ताईंचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, किती दिवस झाले तुम्ही खाली उतरून?"

आजोबा हसले. "शेवटची फेरी केव्हाच झाली गं. गाडी डेपोत लागली."

ताई उठल्या आणि धाकट्याला म्हणाल्या, "तू त्यांना चालू देत नाहीस?"

"चालू देऊ? पडायला? ताई, तूच तर मला तो पोशाख घालायला लावलास! तो रस्ता म्हणजे काय आहे ते मला विचार!"

"तुला कशाला विचारू? त्यांना विचार ना! तू अर्धा तास म्हातारा होतास. पहिल्याच दिवशी पोहायला टाकलेला माणूस बुडतो, म्हणून काय कुणालाच पोहता येत नाही?"

धाकटा एकदम खाटेच्या कडेला बसला. आपल्याच हातांकडे बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही कसे जात होता हो कोपऱ्यापर्यंत?"

इतक्या महिन्यांत हे त्यांना कुणी विचारले नव्हते. आजोबांनी तोंड उघडले. मला वाटले, आता थांबे येतील. कबुतरे येतील, पिशवीवाली बाई येईल. पण त्यांचे ओठ नुसतेच हलले, आणि या घरात मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिले.

थांबे त्यांनी नंतर सांगितले. धाकट्याने ते एकेक करून ऐकले आणि रोज सकाळी त्यांना धरून उभे करू लागला. आधी खाट ते दार. मग दार ते जिन्याची पहिली पायरी. फार हळू चालले होते ते. पायरीवरची ती दुपार त्यांच्या मनात बसली होती. जिना दिसला की ते मुलाचा हात घट्ट धरायचे. गेलेले सगळे बळ परत येत नाही, मित्रांनो. तरण्या माणसाचे येते. म्हाताऱ्याचे गेले की त्यातले थोडेच परत मिळते. एका सकाळी शेवटी ते शिंप्याच्या पायरीपर्यंत पोचले. शिंप्याने दुकान सोडून त्यांना मिठी मारली म्हणे. धाकट्याला वाटले, आता उद्या औषधांचे दुकान, परवा बाग. पण आजोबांनी मान हलवली. रस्त्याकडे, धुरकट दिसणाऱ्या त्या पलीकडच्या दुकानांकडे त्यांनी खूप वेळ पाहिले आणि मुलाला म्हणाले, "आता इथून पुढं नाही रे. चल, वर घेऊन चल मला." हे सूनबाई ताईंना सांगत होत्या, तेव्हा मी पिशवीत भरला जात होतो. शाळेचे छत दुरुस्त झाले होते.

आजोबा आता कसे आहेत, मला माहीत नाही. मला कोण सांगणार?

मी पुन्हा माझ्या खुंटीवर आहे. माझ्या काखेची शिवण उसवली आहे, एका खिशातून वाळू झिरपते, चष्म्यावर चरे पडले आहेत. शेजारचा गृहस्थ तसाच आजारी आहे. ताईंनी एक बदल केला आहे. मला उतरवले की मुलांनी समोरच्या इमारतीत जायचे, कुणाही म्हाताऱ्या माणसाशेजारी बसायचे आणि विचारायचे, "तुम्ही हे कसं करता?" काही मुले जातात आणि उशिरापर्यंत परत येत नाहीत. काही तशीच जेवायला पळतात. मी त्यांना अडवू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरात कुणी हळू चालत असेल, तर त्याच्यावर खेकसू नका. पण त्याच्या हातातली पिशवीही एकदम काढून घेऊ नका. आधी त्याला विचारा. तो सांगत असताना मध्ये "मला माहीत आहे" असे म्हणू नका, कारण तुम्हाला माहीत नसते, मलासुद्धा नव्हते. आणि विचारायला उशीर करू नका. धाकटा वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला फक्त उशीर झाला.

बाहेर पावले वाजत आहेत. नवी तुकडी आली वाटते. एक मुलगी हसत हसत माझ्याकडे येते आहे, बाह्या वर सारते आहे. ती खुंटीवरून मला काढील, आणि मग तिचे गुडघे मला घट्ट धरावे लागतील. एवढेच मला येते.